चकमागे एक मॅग्नेट लावून आरपीएम मोजला, तर लेथचा इलेक्ट्रॉनिक लीड स्क्रू चालेल का?

तुमचा बेत असा आहे: दर पिचसाठी चेंज गिअर काढून-घालून कंटाळा आला, म्हणून लीड स्क्रूला (टूल धरणारी कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) थेट स्टेपर मोटर (दर पल्सला एक ठरावीक पाऊल फिरणारी) जोडायची, चकमागे मॅग्नेट आणि तो ओळखणारा हॉल सेन्सर लावून आरपीएम मोजायचा आणि त्या हिशेबाने आर्डुइनो स्टेपर फिरवेल. नुसत्या टर्निंगच्या फीडला हे चालेल. आटे पाडायला चालणार नाही. मी अगदी हेच करून बसलो आहे, म्हणून ठामपणे सांगतो.

माझा पहिला कट झकास आला होता. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तपासायचं गेज लावलं तर दात न् दात बसला. दुसऱ्या कटाला टूल आधीच्या खाचेत न जाता शेजारच्या उंचवट्यावर चढलं आणि चौथ्या कटानंतर एम१० बोल्टच्या जागी खरवडलेली सळई हातात राहिली. दोन रात्री मी प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. चूक प्रोग्राममध्ये नव्हतीच, कल्पनेतच होती.

आटे एका कटात होत नाहीत. आठ-दहा वेळा टूल त्याच खाचेतून जावं लागतं. म्हणजे स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) अमुक कोनात असेल तेव्हा कॅरेज अमुक जागीच हवी, दर वेळी. आरपीएमला कोन माहीत नसतो. शिवाय टूल जॉबला लागलं की स्पिंडल जरा मंदावतो, ही बातमी मॅग्नेटकडून यायला अख्खा फेरा जातो आणि तोवर स्टेपर जुन्याच वेगाने पळत असते. खऱ्या गिअरला वेग कळतच नाही. याचा एक दात सरकला की त्याचा एक, एवढंच त्याला ठाऊक. स्पिंडल थांबला तर तो थांबतो, उलटा फिरला तर उलटा फिरतो. तुम्हाला आरपीएम मीटर बनवायचा नाही, हा गिअर बनवायचा आहे.

म्हणून स्पिंडलवर क्वाड्रेचर एन्कोडर, म्हणजे फिरण्याचा कोन पल्समध्ये सांगणारा सेन्सर, लावा. त्याच्या ए आणि बी अशा दोन तारांवर पाव पल्सच्या अंतराने मागेपुढे सिग्नल येतात, त्यामुळे दिशाही कळते. १०२४ पल्सचा एन्कोडर घेऊन सगळ्या कडा मोजल्या तर एका फेऱ्याला ४०९६ काउंट मिळतात.

आता हिशेब. समजा लीड स्क्रू २ मिमी पिचचा आहे, मोटर त्याला १:१ जोडली आहे आणि मोटर चालवणारा ड्रायव्हर एका फेऱ्याला १६०० स्टेपवर लावला आहे. १.५ मिमी पिच हवा असेल तर स्पिंडलच्या एका फेऱ्याला १२०० स्टेप लागतात. हे सोपं झालं. पण इंचाला १८ आटे हवे असतील तर १.४११... करत बसू नका, सरळ अपूर्णांक मांडा: २५.४ भागिले १८, भागिले २, गुणिले १६००, म्हणजे १०१६०/९ स्टेप. दशांशात ११२८.८८८ आणि पुढे ८ संपतच नाहीत. इथेच बहुतेक जण फ्लोट (दशांश संख्या ठेवणारं) व्हेरिएबल घेतात आणि गोल करताना उरलेला तुकडा दर वेळी हरवतात. त्याऐवजी ४०९६ ने भागून संक्षेप करा, ६३५/२३०४ येतं. एन्कोडरचा एक काउंट पुढे आला की बेरजेत ६३५ मिळवा. बेरीज २३०४ किंवा जास्त झाली की एक स्टेप द्या आणि २३०४ वजा करा. काउंट मागे गेला तर ६३५ वजा करा आणि बेरीज शून्याखाली गेली की उलटी स्टेप देऊन २३०४ मिळवा. बाकी कधीच टाकली जात नाही, म्हणून हजार फेऱ्यांनंतरही चूक एका स्टेपच्या आतच राहते. प्लॉटरवर सरळ रेष काढायची जी पद्धत ब्रेझनहॅमने १९६५ साली प्रसिद्ध केली, तिचंच हे भावंड.

(६३५ म्हणजे ५ गुणिले १२७. मेट्रिक लीड स्क्रूवर इंचाचे आटे पाडायला जो १२७ दातांचा अवजड गिअर लावावा लागतो, तो असा एका ओळीत मावला. मला याची अजून गंमत वाटते.)

साधा आर्डुइनो उनो मात्र यासाठी घेऊ नका. स्पिंडल १००० आरपीएमला फिरत असताना सेकंदाला अडुसष्ट हजारांवर काउंट येतात. प्रत्येकाला इंटरप्ट दिला, म्हणजे दर काउंटला प्रोग्राम थांबवून मोजायला लावलं, तर उनोचा दम निघतो आणि गळालेला काउंट कुठे कळतही नाही. एसटीएम३२ च्या टायमरमध्ये एन्कोडर मोड असतो, तिथे मोजणी हार्डवेअरच करतं. ईएसपी३२ मध्येही पल्स काउंटर आहे. एकच लक्षात ठेवा, असे बोर्ड ३.३ व्होल्टचे असतात आणि बरेच एन्कोडर ५ व्होल्टचे. डिफरन्शियल आउटपुटचा (प्रत्येक सिग्नल तारांच्या जोडीवर उलटसुलट पाठवणारा) एन्कोडर आणि त्याचा लाइन रिसीव्हर वापरलात तर तारेत शिरणाऱ्या गोंगाटाचाही प्रश्न मिटतो. लेथला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) असेल तर हा खर्च टाळू नकाच.

एन्कोडर स्पिंडलला टायमिंग बेल्टने १:१ जोडा. साधा गोल पट्टा घसरतो, तो नको. आणि पुलीचा ग्रब स्क्रू (पुली शाफ्टला आवळणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) शाफ्टवर सपाट जागा घासून तिच्यावरच आवळा. माझा एकदा सैल झाला होता, आटे दर कटाला केसभर सरकत होते आणि मी पुन्हा प्रोग्रामलाच दोष देत होतो.

मोटरबद्दल: स्टेपरचा टॉर्क डब्यावर लिहिलेला असतो तो थांबलेल्या मोटरचा. वेग वाढला की तो झपाट्याने उतरतो. त्यामुळे २४ ऐवजी ४८ व्होल्टचा पुरवठा, अर्थात ड्रायव्हर तेवढा सोसणारा असेल तर, फार उपयोगी पडतो. इथे स्टेपरला हळूहळू वेग घ्यायची सवलत नसते. स्पिंडल झटक्यात सुटला तर तिलाही झटक्यातच सुटावं लागतं आणि तिथेच स्टेप चुकतात. व्हीएफडी असेल तर रॅम्प, म्हणजे वेग घ्यायला दिलेला वेळ, लांब ठेवा, नाहीतर क्लोज्ड लूप स्टेपर (चुकलेली स्टेप स्वतः ओळखणारी) घ्या आणि तिच्या अलार्मची तार कंट्रोलरला जोडा, म्हणजे स्पिंडल आणि कॅरेजचं नातं तुटलं की निदान कळेल. मी आटे १५० आरपीएमच्या आसपास पाडतो. मोठ्या पिचला त्याहूनही कमी.

वापरतानाची सवयही बदलावी लागेल. पहिल्या कटाला हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा) लावला की आटे पुरे होईपर्यंत उघडायचा नाही. कट संपला, टूल मागे घेतलं, स्पिंडल उलटा फिरवला, कॅरेज आपोआप परत येते. परत येताना आट्यांच्या सुरुवातीच्या चार-पाच मिमी अलीकडे या, म्हणजे पुढे निघताना बॅकलॅश (स्क्रू-नटमधला ढिलेपणा) हवेतच भरून निघेल. मधे वीज गेली किंवा पिच बदलला की ते नातं गेलं, मग टूल डोळ्यांनी खाचेत बसवावं लागतं. आपोआप थांबण्याची सोय पहिल्याच आवृत्तीत घालू नका. तोवर हात इमर्जन्सी स्विचजवळ ठेवा, कारण हाफ नट लावलेला असताना कॅरेज चकवर जाऊन आदळायला काही हरकत घेत नाही.

सगळं जोडून झाल्यावर लगेच जॉब लावू नका. लेथच्या मोटरची वीज बंद ठेवा, कॅरेजला डायल गेज टेकवा आणि पिच ०.५ मिमी ठेवून चक हाताने फिरवा. आधी एक फेरा पुढे, म्हणजे ढिलेपणा निघून जाईल, मग डायल शून्यावर आणा. दहा फेरे पुढे: गेज ५ मिमी दाखवेल. मग अकरा फेरे मागे आणि एक पुढे. काटा पुन्हा शून्यावर आला तर गिअर तयार झाला. आला नाही, तर आधी ग्रब स्क्रू बघा.