वडिलांच्या जुन्या प्लास्टिक मॉडेल कारचा रंग थिनरने काढू का? (पुणे)

थिनर अजिबात नको. अशा किटचं प्लास्टिक बहुतेक पॉलिस्टायरीन असतं. थिनरने ते विरघळतं आणि दाराच्या रेघा, हँडलं कायमची बुजतात. वडिलांची गाडी आहे, घाई करू नका.

काचा आणि क्रोमचे भाग आधी सुटे करा. मग बॉनेटच्या आतल्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून बघा. हे अल्कोहोल पुण्यातल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. रंग अॅक्रिलिक असेल तर मऊ पडून सुरकुततो, मग जुन्या टूथब्रशने रेघांमधून हळू काढायचा. इनॅमल, म्हणजे तेलकट रंग, हटत नसेल तर ब्रेक ऑइल वापरा, पण हातमोजे घालूनच.

साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, 1000 नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासा, मग प्लास्टिकला चालणारा प्राइमर. रंगाचे हात पातळच द्या, साधारण 20 सेंटीमीटरवरून. एकाच जाड हातात रंग ओघळतो आणि बारकावे बुडतात.

आणि पावसाळ्यात लॅकरचा, म्हणजे झटपट वाळणाऱ्या थिनरवाल्या रंगाचा, स्प्रे मारू नका. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्यावर पांढरट झाक येते. तोवर सगळं घासून तयार ठेवा, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाच्या दिवसांत रंगवा, पण सावलीत.