आधी जाऊन उभी राहा

प्रिय पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. स्पेनमधल्या लेओनच्या विद्यापीठात प्रवेश झाला, बाबांनी पैशांची सोय केली, आणि आता ऐन जुलैत तुला धाकधूक लागलीय की माद्रिद सोडून सव्वा लाख वस्तीच्या या गावात येऊन आपण फसणार तर नाही ना. खाली सव्वीस प्रश्न. खोली कुठल्या ॲपवर शोधू, ओळखपत्राच्या कार्डाचं काम करून देणारा एजंट कोण, इंग्रजी बोलणारा डॉक्टर आहे का, मराठी मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे का. निघायच्या आत सगळं तिथूनच, कराडच्या घरात बसून, पक्कं करून टाकायचंय तुला.

यादी वाचून पोटात कालवलं. अशीच यादी घेऊन मी इथं आलो होतो आणि तिच्यापायी माझं पहिलं दीड वर्ष वाया गेलं.

म्हणून एकच गोष्ट सांगतो, आणि पत्रभर तीच सांगणार आहे. लहान गावात जिथं काम असेल तिथं आधी स्वतः जाऊन उभी राहा. फोन नंतर, ईमेल नंतर, ग्रुपवर विचारणं सगळ्यात शेवटी.

खोलीचंच घे. मी साताऱ्याहून फोटो बघून खोली ठरवली, दोन महिन्यांचं भाडं आगाऊ पाठवलं. खोली खरी निघाली, पण एकुलती एक खिडकी इमारतीच्या आतल्या चौकात उघडणारी, आणि ऊब म्हणून एक विजेचा हीटर. लेओन सुमारे ८४० मीटर उंचीवर आहे. इथल्या हिवाळ्याची कल्पना आपल्याकडच्या थंडीवरून करू नकोस. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि सकाळी गाड्यांच्या काचांवर खरवडून काढावं लागेल इतकं दव गोठलेलं असतं. त्या हिवाळ्यात विजेचं बिल भाड्याच्या निम्म्यावर गेलं. घरमालकाला मी सात ईमेल लिहिले, एकाचंही उत्तर आलं नाही. तो माणूस माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. सात ईमेल लिहायला मला वेळ होता, दोन गल्ल्या चालत गेलो नाही. हे अजून सलतं.

तेव्हा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ये. व्हिसासाठी पत्ता दाखवावा लागला तर विद्यापीठाच्या वसतिगृहाचं किंवा साध्या होस्टेलचं बुकिंग दाखव, पण वर्षभराची खोली फोटोवरून घेऊ नकोस. वेगाथाना कॅम्पसच्या आसपास, ला पालोमेरा आणि सान मामेस या भागांतून सकाळी पायी फीर. बाल्कन्यांवर ‘से आल्किला’ अशा पाट्या दिसतील, म्हणजे भाड्याने देणे आहे. फॅकल्टीच्या फलकांवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात. खोलीत गेलीस की आधी रेडिएटरला हात लाव आणि विचार, ‘कालेफाक्सिओन’ इमारतीची मध्यवर्ती आहे की आपापली, आणि भाड्यात धरलेली आहे का. भाडं कितीही कमी असो, हे उत्तर मिळाल्याशिवाय हो म्हणू नकोस. अनामत रकमेला ‘फिआन्था’ म्हणतात. तिची पावती घे, करारावर तुझं नाव घाल. तो करार नंतर लागणार आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मुक्काम सहा महिन्यांहून जास्त असेल तर स्पेनमध्ये पाऊल ठेवल्यापासून एका महिन्याच्या आत परदेशी माणसाच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे ‘तिए’साठी, अर्ज करायचा. त्याआधी नगरपालिकेत जाऊन राहत्या पत्त्याची नोंद करायची, तिला ‘एम्पाद्रोनामिएन्तो’ म्हणतात. पासपोर्ट आणि तो भाड्याचा करार घेऊन स्वतः जायचं. पदवीच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, भारतातूनच करून आण, इथं बसून ते करायला गेलीस तर महिने जातील.

नावाचं मात्र सविस्तर सांगतो. इथं प्रत्येकाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. आपल्या पासपोर्टवर तुझं नाव आणि बाबांचं नाव एकाच रकान्यात असतं, आडनाव वेगळं. काउंटरवरचा माणूस घाईत बाबांचं नाव तुझं पहिलं आडनाव म्हणून टाकतो. बँकेत मी एक झालो, विद्यापीठात दुसरा आणि विम्याच्या कागदावर तिसराच. निस्तरायला अकरा महिने लागले. दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा ठेवायला सांग, आणि छापून आलेला कागद तिथंच उभं राहून, अक्षर अन् अक्षर वाच. घरी आणून वाचायचा नाही. चूक समोर असेपर्यंत एका मिनिटात दुरुस्त होते.

आता तू म्हणशील, काका, सगळीकडे ‘सिता प्रेविया’ लागते, वेळ ऑनलाइनच घ्यावी लागते, मग जाऊन उभं राहून काय उपयोग? बरोबर आहे. वेळ घ्यावीच लागते, आणि साइटवर कित्येक दिवस एकही वेळ मोकळी दिसत नाही. मी तीन आठवडे घरी बसून ते पान पुन्हा पुन्हा उघडत होतो. महिन्याची मुदत टळली, त्या उशिराच्या पायी प्रयोगशाळेतलं अर्धवेळ काम हातचं गेलं. शेवटी नाइलाजाने त्या कार्यालयात गेलो, तर दारावरच्या रखवालदाराने विचारलं काय हवंय, मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, त्याने आतल्या टेबलाकडे बोट केलं, तिथल्या बाईंनी कुठल्या दिवशी सकाळी किती वाजता नव्या वेळा खुल्या होतात ते कागदाच्या तुकड्यावर लिहून दिलं. तीन आठवडे त्या तुकड्यासाठी मी घरात बसलो होतो. कधी परतही पाठवतील. मला तीनदा पाठवलंय. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांना माझा चेहरा आठवत होता, आणि लहान गावात चेहरा आठवणं म्हणजे निम्मं काम. तलाठ्याकडे जाताना आजोबा पोस्टाने अर्ज पाठवत होते का? धोतर नेसून, टोपी घालून स्वतः जायचे. तुला हे कुणी शिकवायला नको खरं तर.

वेळा लक्षात ठेव. सरकारी कामं सकाळीच, दुपारी दोनपर्यंत. दोन ते पाच बहुतेक दुकानं बंद. तीन वाजता बंद शटरसमोर उभी राहून वैतागू नकोस, लोक घरी जेवतायत. ऑगस्टमध्ये कशाचीच अपेक्षा ठेवू नकोस.

भाषेबद्दल तू लिहिलंयस, ‘तिथं गेल्यावर हळूहळू येईलच.’ नाही येणार. माझी दीड वर्षात आली नाही, कारण प्रयोगशाळेत इंग्रजी आणि खोलीत मराठी गाणी. आत्तापासून रोज दोन तास बस. व्याकरण पुरं व्हायची वाट बघू नकोस, आधी चाळीस वाक्यं तोंडात बसव आणि इथं पोचल्या दिवसापासून ती वापर. पहिलं वाक्य मी देतो. मासळीवाला, औषधाचं दुकान, आरोग्यकेंद्र, कुठंही चार माणसं घोळक्याने उभी दिसली की ती रांगच असते, फक्त दिसत नाही. आत शिरताना मोठ्याने विचारायचं, ‘किएन एस एल उल्तिमो?’ शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं. त्याच्या मागे तू. नंतर येणाऱ्याने विचारलं की हात वर करायची पाळी तुझी. मला हे ठाऊक नव्हतं. मी नुसता कोपऱ्यात उभा राहायचो, लोक येऊन सामान घेऊन जायचे, आणि मला वाटायचं की माझ्या रंगामुळे मला डावलतायत. तशी माणसंही भेटतील, खोटं सांगत नाही. पण त्या दुकानात तसं काही नव्हतं, मी तोंड उघडलं नव्हतं एवढंच. बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, हे आपल्याच आज्यांनी सांगितलेलं.

लिफ्टमध्ये शिरताना ‘बुएनोस दियास’, निघताना ‘आस्ता लुएगो’. अनोळखी असलं तरी. वयस्कर माणसाला ‘उस्तेद’, आपल्या ‘तुम्ही’सारखं.

माझ्या वरच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, एकट्याच. लिफ्टमध्ये रोज म्हणायच्या, ‘आसे फ्रीओ, इखो,’ थंडी आहे रे बाळा. मी नुसती मान हलवायचो. एकदा त्यांनी खूप काही सांगितलं, मला कळलं नाही, मी हसून सटकलो. पुढच्या शरदात त्यांना मुलगी गावी घेऊन गेली. तिनेच मला मग सांगितलं की आईकडे एक जादा तेलाचा रेडिएटर होता, तुम्हाला द्यायचा म्हणून तिने हिवाळाभर दाराशी काढून ठेवला होता. मी हे लिहितोय आणि माझं मन अजून थाऱ्यावर येत नाही. मला त्या रेडिएटरचं काही नाही गं. एक जिना चढून वर गेलो असतो तर.

आता खाणं. इथं उमेदो नावाच्या जुन्या वस्तीतल्या बारमध्ये काहीही प्यायला मागवलं की सोबत तापा, म्हणजे बशीभर खाणं, फुकट येतो. तू दारू पीत नसशील तर ‘मोस्तो’ माग, द्राक्षाचा रस, त्यावरही तापा मिळतो. नुसतं ‘शाकाहारी आहे’ म्हणालीस तर ट्यूना येईल, म्हणून मांस नको, मासे नको, हामोन (म्हणजे हॅम) नको असं तीनदा वेगवेगळं सांग. ‘थेथिना’ म्हणजे गाईच्या मांसाचे वाळवलेले काप, ते हॅम समजून उचलू नकोस. तूरडाळ मोजकीच आण. बुधवारी आणि शनिवारी सकाळी प्लाथा मायोरमध्ये बाजार भरतो, तिथं ‘पार्दिना’ नावाची बारीक तपकिरी मसूर मिळते. गोडा मसाला आणि आमसूल टाकून तिची आमटी अशी होते की तुझी आई विचारेल कुठून आणलीस. घराघरांत काचेच्या सपाट शेगड्या असतात, खोलगट बुडाचा लोखंडी तवा त्यावर तापत नाही. तो कराडलाच ठेव.

राहिला तुझा मूळ प्रश्न, लहान गाव ही चूक आहे का. माझ्यासोबतचे चौघे माद्रिदला गेले, एक जर्मनीला. मी राहिलो. घरी वर्षानुवर्षं ऐकलं की तिथं काय ठेवलंय, पगार कमी, विमानतळ लांब. इथले लोकही विचारतील, ‘तू इकडे कशाला आलीस?’ कारण त्यांचीच पोरं बाहेर चाललीयत, हा सगळा प्रांत रिकामा होत चाललाय. माझं उत्तर ठरलेलं आहे. ११८८ साली नवव्या अल्फोन्सो राजाने याच गावात दरबार भरवला, त्यात सरदार आणि धर्मगुरूंच्या बरोबरीने नगरांची माणसं बसली. युनेस्कोने २०१३ साली त्या ठरावांना युरोपातल्या संसदीय पद्धतीचा सगळ्यात जुना लेखी पुरावा म्हणून मान दिला. सान इसिदोरो या जुन्या चर्चच्या चौकात गेलीस की थांबून बघ. त्या माणसांना राजासमोर जाऊन उभं राहता आलं आणि मला घरमालकाच्या दारात जाता येईना, असं तिथं पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा वाटलं होतं. तिथून पुढे मी बदललो. मी इथं राहिलो म्हणून काही गमावलं असेल, पण पाववाला, पोस्टमन, आरोग्यकेंद्रातल्या बाई मला नावाने ओळखतात आणि गेल्या वर्षी मी आजारी पडलो तेव्हा दारात तीन घरांतून सूप आलं. माद्रिदला ज्याला ते मिळालं असेल त्याने तसं लिहावं. मी माझं लिहितो.

तुझ्या सव्वीसपैकी बावीस प्रश्नांना मी उत्तर दिलेलं नाही, ते इथं येऊन विचार. तुझ्या वतीने घरमालकांना फोन करायलाही मी नाही म्हणतोय, राग मानू नकोस. माद्रिदच्या चामार्तिन स्टेशनवरून वेगवान गाडीने दोन-सव्वादोन तासांत पोचशील. पहिल्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला प्लाथा मायोरमध्ये ये, मला आधी मेसेज करू नकोस. कडधान्यवाल्याच्या गाड्यापुढे घोळका असेल. शेवटचं कोण ते मोठ्याने विचार. बहुतेक मीच हात वर करीन.

तुझा,
काका