प्राण्यांशिवाय प्रसाधनांची तपासणी: लेकीला कुठं घालायचं?

चोपड्याहून एका आईनं विचारलंय: ‘मुलगी जळगावला बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची त्वचा नाजूक, साध्या पावडरीनंही पुरळ उठतं. मुक्या जनावरांना त्रास न देता क्रीम-पावडरी तपासायचं काम करायचं म्हणते. असं काम असतं का? फार्मसीला घालावं लागेल का?’

ताई, असतं. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर भारतात 2014 पासून बंदी आहे. फार्मसी नको, पुढे बायोटेक्नॉलॉजी किंवा टॉक्सिकॉलॉजीत (विषशास्त्रात) एम.एस्सी. करू द्या.

पण काम कसं असतं ते तिला आधी कळू द्या. माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या नखाएवढ्या त्वचेवर 30 मायक्रोलिटर नमुना तासभर ठेवतात, धुतात, मग 42 तास इनक्युबेटरमध्ये 37 अंशांवर (जळगावच्या मे महिन्यापेक्षा थंडच!). नंतर तीन तास एमटीटी हे पिवळं रसायन. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, तो रंग मोजायचा. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जगल्या तर पदार्थ दाहक.

गडबड होते ती अशी. क्रीम नीट धुतलं गेलं नाही तर तासाचा संपर्क दोन दिवसांचा होतो आणि चांगला पदार्थ नापास होतो. उलट, क जीवनसत्त्वासारखा पदार्थ एमटीटीला स्वतःच जांभळं करतो. हळदीचा अर्क आपलाच रंग मिसळतो. मग मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. म्हणून पहिल्या प्रकारासाठी मारलेल्या त्वचेवर तीच चाचणी, तर रंगीत पदार्थासाठी जिवंत त्वचेवर एमटीटीशिवाय चाचणी शेजारी लावून तेवढा रंग वजा करतात. हा कंटाळवाणा भाग जिला जमतो तीच इथं टिकते.

ॲलर्जीचं प्रकरण निराळं. प्रथिनांच्या तुकड्यांशी रसायन चिकटतं का, त्वचापेशी सावध होतात का, रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात का, अशा तीन चाचण्या. दोन जुळल्या की निर्णय. आणि ‘नाजूक त्वचेसाठी’ असा दावा करायचा तर नुसती प्रयोगशाळा पुरत नाही, त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली स्वयंसेवकांवर पॅच टेस्ट (पदार्थ पट्टीखाली कातडीवर लावून पाहणं) लागते.

एक गोष्ट लपवत नाही: पेशी वाढवायच्या द्रावणात अनेकदा वासराच्या गर्भाच्या रक्तातून काढलेलं सीरम असतं. तिचा आक्षेप तत्त्वाचा असेल तर हे आत्ताच कळलेलं बरं.

तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट सेल कल्चरवर (प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यावर) मागून घ्या. एम.एस्सी.साठी जीएटी-बी आणि आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षा द्यायला लावा. प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा: कार्बन डायऑक्साइड इनक्युबेटर विद्यार्थी वापरतात, की तो कुलपात असतो? शेवटचं सत्र सेल कल्चर प्रयोगशाळेत काढता येतं का? दोन दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर पैसे घालू नका. नोकरी खानदेशात मिळणं अवघड. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरूची तयारी ठेवा.

आणि तिच्या स्वतःच्या हातांसाठी: लॅटेक्सचे नव्हे, पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे घ्यायला सांगा. 70 टक्के अल्कोहोल मोज्यांवर मारायचं, उघड्या कातडीवर नाही.