लाल पेन्सिलीतले नऊ ‘च’

‘केमो संपली, रिपोर्ट चांगले आले, मग हातापायांना हे काय झालंय? आणि हे असंच राहणार का?’

मी समुपदेशक. कॅन्सरच्या उपचारांतून बाहेर पडलेल्या बऱ्याच जणांच्या तोंडून मी हे ऐकते, पण पहिल्या भेटीत कधीच नाही. पहिल्या भेटीत झोप लागत नाही, चिडचिड होते, एवढंच सांगतात. मुंग्या, झोंबणं, बधिरपणा हा विषय निघतो तो दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, तोही उठता उठता. कारण घरच्यांनी, आणि त्यांनी स्वतःही, एक वाक्य पाठ केलेलं असतं: जीव वाचला ना, मग एवढ्या-तेवढ्याचं काय घेऊन बसायचं?

शैलाताईंचंही (नाव बदललंय) तेच. वय 56, साताऱ्याजवळच्या गावात तीस वर्षं ब्लाऊज शिवणाऱ्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मग पॅक्लिटॅक्सेल या केमो-औषधाचे दर आठवड्याला एक असे 12 डोस. पहिल्या भेटीत त्या मुलाबद्दल बोलल्या, सुनेबद्दल बोलल्या, आभार मानून निघाल्या. गेटपाशी पोचल्यावर मला दिसलं की त्यांच्या एकाच पायात चप्पल आहे. दुसरी माझ्या दाराशीच पडलेली. मी हाक मारली, तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. तोवर त्यांना पत्ताच नव्हता.

मग बोलणं सुरू झालं.

“मोजे घातल्यासारखं वाटतं, मॅडम. काढायला वाकते, तर पाय उघडे. रात्री त्याच पायात विंचू डसल्यासारखं होतं. कळत नाही म्हणावं तर दुखतं कसं?”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“ते म्हणतील, बाई, तुझा जीव वाचवला आणि तू सुईचं रडगाणं लावलंस.”

कळतही नाही आणि दुखतंही, हे विचित्र वाटलं तरी खरं आहे. काही केमो-औषधांनी नसा दुखावतात. पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन, बॉर्टेझोमिब, आणि आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन ही त्यातली नेहमीची. सगळ्यात लांब नसांना आधी फटका बसतो. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंतची नस जवळजवळ मीटरभर लांब असते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. दुखावलेली नस स्पर्श पोचवत नाही, पण उगाचच खोटी आरोळी मात्र ठोकते. ही आरोळी म्हणजे कॅन्सर परत आल्याची खूण, असं अनेकांना वाटतं. शैलाताई त्याच भीतीने रात्री दोनला उठून बसत. नस भरून येते ती दिवसाला साधारण मिलिमीटरभर या चालीने, आणि सगळ्यांची पूर्ण भरून येतेच असंही नाही. काही औषधांत, विशेषतः प्लॅटिनम वर्गातल्या (ऑक्झॅलिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन), केमो थांबल्यावरही काही महिने त्रास वाढत जातो. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं की माणूस हादरतो.

माझ्या आग्रहावरून त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी व्हिटॅमिन बी-12 तपासलं आणि ड्युलोक्झेटिन लिहून दिलं. मुलाने फोनवर शोधलं, ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ म्हणाला, आणि गोळी चौथ्या दिवशी बंद.

“मी काय वेडी आहे का, मॅडम?”

हेही मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर तोंडपाठ आहे. मज्जारज्जूत वेदनेचा निरोप थोपवणारी जी रसायनं आहेत, त्यांच्यावर ही गोळी काम करते. मनाच्या आजारात वापरतात ती गोष्ट वेगळी. केमोनंतरच्या नसांच्या दुखण्यासाठी अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात सुचवलेलं हे एकमेव औषध आहे. त्याचा उपयोग होतो तो दुखण्याला, बधिरपणाला तितका नाही, आणि सगळ्यांना होतो असंही नाही. ही गोळी आपल्या मनाने सुरू करायची नाही, एकदम तोडायचीही नाही. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. दुकानातून आणून बी-कॉम्प्लेक्सचा मारा करू नये, हेही सांगून ठेवते. बी-6 जास्त प्रमाणात फार दिवस घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात.

तरीही शैलाताई ज्यासाठी माझ्याकडे येत होत्या ती मनातली तगमग जागची हलली नव्हती. मी त्यांच्याच धंद्यातला दाखला दिला. कापड कमी पडलं तर तुम्ही रडत बसता का, बगलेत जोड देता ना? मला दाखल्यावर खूश होऊ द्यायलाही त्या थांबल्या नाहीत.

“कापडाला दुखत नाही, मॅडम.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त म्हटलं, रात्री जाग आली की मनात जे येतं ते वहीत लिहा. त्यांच्या बोटांत पेन ठरत नव्हतं, म्हणून सकाळी त्या सांगत आणि चौथीतली नात लिहून घेई.

पुढच्या वेळी त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. पानभर लाल गोल होते. नातीला शाळेत वाक्यातले ठरावीक शब्द शोधून गोल करायचा अभ्यास असायचा. तोच खेळ तिने इथे लावला होता. ‘आजी, तुझ्या प्रत्येक वाक्यात च आहे,’ म्हणाली म्हणे. हात पूर्वीसारखे झालेच पाहिजेत. मी कुणावर ओझं होताच कामा नये. हे मला सहनच होणार नाही. दिवाळीआधी सगळे ब्लाऊज गेलेच पाहिजेत. एका पानावर नऊ.

मी अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली. त्यांचं म्हणणं इंग्रजीतल्या ‘मस्ट’भोवती फिरतं. आपल्याकडे वेगळा शब्दही लागत नाही, एका अक्षरात हट्ट मावतो. वीस वर्षं मी हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवत आले, आणि एका पोरीने लाल पेन्सिलीने काम उरकलं. थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

“आता च काढून वाचा,” मी म्हटलं.

त्यांनी सावकाश वाचलं. “हात पूर्वीसारखे झाले पाहिजेत...” थांबल्या. “नुसता च काढून भागत नाही. झाले तर बरं होईल, असं म्हणावं लागतं.” पुन्हा थांबल्या. “नाही झाले तर वाईट वाटेल. लई वाटेल.” आणि त्या रडल्या. केमोच्या सगळ्या दिवसांत डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता म्हणे.

मला त्या दिवशी उमगलं ते असं की ‘जीव वाचला ना’ या वाक्याने त्यांचा हातांसाठी रडायचा हक्कच काढून घेतला होता. रडायची मुभा नसली की माणूस हट्टाला धरतो. पुस्तकात हट्ट आधी आणि दुःख नंतर असतं. माझ्या समोर क्रम उलटा होता.

च गेल्याने नस भरत नाही. विंचू अजून येतो. पण त्याच्यामागून रात्रभर चालणारी वरात येत नाही, आणि रिकामा झालेला वेळ कामाच्या गोष्टींना मिळतो. अंघोळीचं पाणी हाताने बघायचं नाही, कोपराने बघायचं. गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्यायची नाही. रोज रात्री आरसा धरून तळवे पाहायचे, कारण टाचणी रुतली तरी पाय सांगणार नाही. मागे पट्टा असलेली चप्पल घरातही घालायची. देवळात अनवाणी जायचं तर मोजे घालून, आणि उन्हात तापलेल्या फरशीवर नाहीच. (हा च राहू दे.) फिजिओथेरपिस्टने शिकवलेला तोल सांभाळायचा व्यायाम ओट्याला धरून करायचा. आणि केमो अजून चालू असेल तर मुंग्या सुरू झाल्या त्या आठवड्यात डॉक्टरांना सांगायचं, कारण तेव्हा डोस कमी करता येतो किंवा लांबवता येतो. त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसणारी माणसं ही संधी घालवतात.

शैलाताई आता मापं घेतात आणि खडूने आखून देतात. काजं-हूक शेजारची मुलगी करते, तिला पैसे देतात. चौदा महिने झाले. हाताची बोटं बरीच सुधारली, पाय तितके नाहीत. गोळी पुन्हा सुरू केली, जाग तीनदाऐवजी एकदा येते.

मुलगा या सगळ्यावर काही बोलला नाही. पण बधिर पायांना अंधारात जमीन सापडत नाही, हे मी त्याच्यासमोर एकदा म्हटलं होतं. त्या आठवड्यात मोरीकडे जायच्या वाटेवर त्याने एक छोटा दिवा बसवला.