दंडाचा पट्टा आणि हृदयाची शस्त्रक्रिया

प्रश्न : माझ्या वडिलांची (वय ६८) बायपास पुढच्या पंधरवड्यात इंदुरातच ठरली आहे. शस्त्रक्रियेआधी दंडाला पट्टा आवळून रक्तप्रवाह थोडा वेळ रोखला, की हृदयाचे रक्षण होते, असे माझ्या मेहुण्यांच्या वाचनात आले. घरी रक्तदाबाचे यंत्र आहे. त्यावर रोज हा प्रयोग करावा का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मेहुण्यांनी वाचले ते निराधार नाही. १९८६ साली मरी, जेनिंग्ज आणि रायमर या संशोधकांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पाच-पाच मिनिटे, अशी चार वेळा बंद करून उघडली आणि मग तीच ४० मिनिटे बंद ठेवली, तेव्हा अशी पूर्वतयारी न झालेल्या हृदयांच्या मानाने स्नायूची हानी सुमारे चौथाई झाली. पुढे हातापायाचा रक्तप्रवाह रोखूनही हृदयाला असे संरक्षण मिळू शकते, असे प्रयोगांत दिसले. कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

परंतु २०१५ साली ब्रिटन आणि जर्मनीत हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या दोन स्वतंत्र चाचण्यांत, भूल दिल्यावर दंडावरचा पट्टा पाच मिनिटे फुगवून पाच मिनिटे सैल सोडण्याची चार आवर्तने केली, तरी मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांचे प्रमाण घटले नाही. भुलेसाठी वापरले जाणारे प्रोपोफॉल हा परिणाम झाकत असावे, अशी शंका अनेक तज्ज्ञांना आहे.

म्हणून घरी हा प्रयोग करू नका. तुमचे यंत्र दाब मोजून झाला की लगेच हवा सोडून देते, आणि त्याऐवजी दोरी किंवा फडके आवळले तर नसांना इजा होऊ शकते. शिवाय बायपाससाठी कधी कधी हाताचीच धमनी काढून घेतात, तो हात जपलेला बरा.

हे पंधरा दिवस खऱ्या तयारीत घालवा. वडील तंबाखू किंवा विडी घेत असतील तर आजच बंद करवा, साखर आटोक्यात ठेवा, आणि श्वासाचा व्यायाम शिकवला असेल तर तो रोज समोर बसून करून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, हे सर्जननाच विचारा. आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. बसल्या जागी छातीत दुखू लागले किंवा दम लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्यांना तत्काळ रुग्णालयात न्या.