आडलर्सहोफला नोकरी, मग बर्लिनमध्ये घर कुठे?

तुम्ही लिहिलंय की आडलर्सहोफच्या टेक्नॉलॉजी पार्कमध्ये नोकरी मिळाली आहे, सोबत मिस्टर आणि सहा वर्षांची मुलगी येणार आहेत. पुण्यात आयुष्यभर दुचाकीवर फिरलात, म्हणून तीन प्रश्न पडलेत: बर्लिनमध्ये गाडी घ्यावी लागेल का, सायकलवर भागेल का, आणि राहायला क्रॉइझबर्ग बरं की पांको. मी इथे नऊ वर्षांत तीन घरं बदलली. त्यातून जे कळलं ते सांगते.

गाडीचं आधी उरकते. निदान पहिली दोन वर्षं घेऊ नका. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष चालवायची, अशा दोन्ही परीक्षा जर्मनीत पुन्हा द्याव्या लागतात. तुमच्या रोजच्या कामात गाडीवाचून काहीही अडणार नाही.

खरा प्रश्न घराचा आहे. बर्लिनच्या नकाशावर लोकल गाड्यांचा, म्हणजे एस-बानचा, एक मोठा गोल दिसेल. तो रिंग. ३७ किलोमीटरची ही फेरी साधारण तासाभरात पूर्ण होते. रिंगच्या आतला भाग म्हणजे तिकिटाचा ए विभाग, तिथून शहराच्या हद्दीपर्यंत बी, आणि त्यापलीकडे सी. आडलर्सहोफ बीमध्ये येतं, विमानतळ सीमध्ये. नवीन आलेला जो तो रिंगच्या आतच घर शोधतो, कारण नकाशावर ते 'मध्यात' दिसतं. मीही तेच केलं. माझं ऑफिस तेव्हा तुमच्याच बाजूला होतं आणि घर क्रॉइझबर्गमध्ये, कालव्याजवळ. उन्हाळ्यात बघितलं, झाडं आणि पाणी बघून हरखून गेले, सही केली. मग जानेवारी आला. अंधारात दहा मिनिटं चालत यू ८, म्हणजे यू-बानची (भुयारी मेट्रोची) आठ नंबरची गाडी, गाठायची, हेर्मानश्ट्रासंला उतरायचं, जिने चढून-उतरून एस-बानच्या फलाटावर पोचायचं, आणि अर्ध्या मिनिटाने गाडी चुकली की त्या बोचऱ्या वाऱ्यात पुढच्या गाडीसाठी ताटकळत उभं राहायचं. अंतर फार नव्हतं. पण रोज दोनदा ती धावपळ करून मी थकून गेले.

म्हणून सांगते, किलोमीटर मोजू नका, गाडी किती वेळा बदलावी लागते ते मोजा. पांको नकाशावर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण तिथून एस ८ थेट आडलर्सहोफला जाते. एकदा बसलात की उतरेपर्यंत पुस्तक वाचा. शिवाय त्याच स्टेशनवर यू २ आहे आणि ट्रामही आहे. ही दुसरी सोय फार मोलाची, कारण शनिवार-रविवारी किंवा सुट्टीच्या दिवसांत रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस सोडतात. घरापासून दोन वेगवेगळ्या मार्गांनी बाहेर पडता आलं पाहिजे.

मला विचाराल तर पांकोच्याही आधी बाउमशुलेनवेग बघा. आडलर्सहोफ तिथून एस-बानने अगदी जवळ आहे, श्प्रे नदीकाठचं जंगल चालत जाण्याइतकं आहे, आणि सायकलने तुम्ही अर्ध्या तासाच्या आत कामावर पोचाल. कोपेनिकही छान, पाणी आणि झाडी भरपूर, ट्रामने आडलर्सहोफला जाता येतं. पण संध्याकाळी शहरात नाटक-गाण्याला जायची आवड असेल तर कोपेनिकहून परतणं जिवावर येतं. पश्चिमेकडे घर मिळालं तर ट्राम बहुतेक विसराच. पश्चिम बर्लिनने १९६७ मध्ये आपली शेवटची ट्राम बंद केली, पूर्वेने चालू ठेवली, आणि भिंत पडून इतकी वर्षं झाली तरी ट्रामचं जाळं मुख्यतः पूर्वेकडेच आहे.

घर शक्यतो रविवारी दुपारी बघून पक्कं करू नका. मंगळवारी सकाळी आठला त्याच दारातून निघून ऑफिसपर्यंत जाऊन बघा. आणि मुलीची प्राथमिक शाळा सहसा घराच्या पत्त्यावरून ठरते, तेव्हा तो विचारही त्याच वेळी करा.

तिकिटाचं सोपं आहे. दोघांनी डॉइशलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, घ्या. जानेवारी २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरो आहे. त्यात एस-बान, यू-बान, ट्राम, बस आणि देशभरातल्या प्रादेशिक गाड्या येतात, विमानतळही येतो. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. सायकल मात्र त्यात नाही, तिचं वेगळं तिकीट लागतं. बर्लिनच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना ए-बी विभागात प्रवास मोफत आहे, फक्त पास काढून घ्या. पाहुणे आले आणि कागदी तिकीट काढलं तर फलाटावरच्या छोट्या पेटीत त्यावर तारीख-वेळ छापून घ्यायला त्यांना आवर्जून सांगा. इथे फाटकं नाहीत, तिकीट तपासणारे साध्या कपड्यांत असतात, आणि न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. दंड ६० युरो.

आता सायकल. जरूर घ्या, पण पुण्यातला दुचाकीचा आत्मविश्वास घरी ठेवून या. मी पहिल्याच शरद ऋतूत वॉर्शाउअर श्ट्रासंवर पडले. पाऊस नुकताच थांबला होता, पुढे एक व्हॅन उभी होती, तिला वळसा घालायला हँडल जरासं डावीकडे केलं आणि पुढचं चाक ट्रामच्या रुळाच्या खाचेत गेलं. हँडल एकदम अडकलं, मी कोपरावर आपटले. मागून ट्राम येत नव्हती, एवढंच नशीब. रूळ ओलांडताना शक्य तितका काटकोन ठेवा, ओल्या रुळांवर तर नक्कीच. दुसरी भीती उजवीकडे वळणाऱ्या ट्रकची. सिग्नलला त्याच्या बाजूला कधीही उभं राहू नका, मागे थांबा. सायकलनेही लाल सिग्नल तोडला की ६० युरोपासून दंड सुरू होतो, हातात फोन धरला तर ५५. जुनी सायकल घेतलीत तर विकणाऱ्याकडून फ्रेम नंबरासकट पावती लिहून घ्या, आणि कुलपावर चांगले पैसे घाला. सायकली फार चोरीला जातात.

मुलीची काळजी वाटते असं लिहिलंत. आठ वर्षांची होईपर्यंत तिने फुटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावरूनच सायकल चालवायची असा नियम आहे, आणि तिच्यासोबत तुमच्यापैकी एकाला फुटपाथवर चालवता येते. चौथीत शाळेतच सायकलची परीक्षा होते. शिकवायला टेम्पेलहोफर फेल्डवर न्या. २००८ मध्ये बंद झालेला तो विमानतळ २०१० पासून लोकांसाठी मोकळा आहे. विमानं उतरायची त्या रुंद, सपाट धावपट्टीवर मुलं आता बिनधास्त सायकल शिकतात. माझा मुलगा तिथेच शिकला. मी मागून सीट धरून पळत होते, आणि हात कधी सुटला ते त्याला कळलंही नाही.

तीन-चार घरं निवडलीत की फक्त जवळच्या स्टेशनांची नावं मला कळवा. कुठे किती वेळा गाडी बदलावी लागेल आणि हिवाळ्यात तो फलाट कसा असतो, ते मी सांगेन.