साथ आली तर पेशंटला काय कळवशील? : नव्या दंतवैद्याला पत्र

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

स्वतःचा दवाखाना सुरू केल्याचं कळवलंस, मनापासून आनंद झाला. खुर्ची, कॉम्प्रेसर आणि ऑटोक्लेव्हबद्दल जे विचारलं आहेस त्याचं उत्तर वेगळं पाठवते. आज फक्त तुझ्या शेवटच्या प्रश्नावर लिहिते, कारण नवीन दवाखाना काढताना तो फार थोडे जण विचारतात : पुन्हा एखादी साथ आली तर पेशंटना काय कळवायचं आणि कसं?

कोविड आला तेव्हा तुझं शिक्षण चालू होतं. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक साथ असल्याचं म्हटलं आणि काही दिवसांतच देशोदेशी तातडीचे सोडून बाकीचे दंतोपचार थांबले. कारण तुला ठाऊकच आहे. एअरोटर (दात कोरायचं यंत्र) किंवा अल्ट्रासॉनिक स्केलर (दात साफ करायचं यंत्र) चालू केला की पाण्याच्या फवाऱ्याबरोबर लाळेचे तुषार हवेत उडतात, आपण पेशंटच्या तोंडापासून हातभरही लांब नसतो आणि त्याला मास्क लावता येत नाही. थांबणं योग्यच होतं. पण कितीतरी दारांवर तेव्हा एकच ओळ लागली : ‘पुढील सूचनेपर्यंत बंद’. त्या ओळीचा मला अजूनही राग येतो. ज्याची दाढ रात्रभर ठणकते आहे, ज्याचं रूट कॅनॉल अर्ध्यावर राहिलं आहे, त्याने ती वाचून काय करायचं? मग तो घरात उरलेली अँटिबायोटिकची पाकिटं शोधतो, नाहीतर हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरतो आणि हिरडी भाजून घेतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं : पेशंटला कळवणं हे उपचारातच धर. एअरोटर हातात घेता येत नसेल त्या दिवसांत तर तुझ्याकडे देण्यासारखं मुख्यतः तेवढंच असतं.

पहिला निरोप पहिल्याच दिवशी जाऊ दे. सगळं पक्कं ठरेपर्यंत थांबलं तर अफवा आधी पोचतात. ठरलेल्या अपॉइंटमेंटचं काय होणार, दुखलं तर कोणत्या नंबरवर आणि कोणत्या वेळेत फोन करायचा, आणि पुढचा निरोप कधी येईल, एवढं त्यात असलं तरी पुरे. ‘सोमवारी पुन्हा कळवते’ असं लिहिलं की सोमवारी कळवायचंच, नवीन काही नसलं तरी. ‘अजून बदल नाही’ हे वाचूनही लोकांना बरं वाटतं. आपल्याला कोणी विसरलेलं नाही, हे त्यातून त्यांना कळतं.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. ‘फक्त इमर्जन्सी पाहिली जाईल’ एवढं लिहून सोडू नकोस. इमर्जन्सी कशाला म्हणायचं हे पेशंटला कुठून कळणार? कॅप निघाली म्हणून एखादा घाबराघुबरा होऊन तीनदा फोन करतो, आणि जबड्याखाली सूज आलेले आजोबा ‘डॉक्टरांना कशाला त्रास’ म्हणून मिठाच्या गुळण्या करत बसतात. म्हणून लक्षणं लिही, तीही घरात बोलतो त्या शब्दांत. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली, गळ्याकडे पसरते आहे, गिळताना अडतं आहे, तोंड उघडत नाही, श्वास जड होतो आहे : यांपैकी काहीही असेल तर माझ्या फोनची वाट पाहू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. हे वाक्य सगळ्यांत वर आणि ठळक अक्षरांत हवं. दात काढल्यावर कापसाची किंवा गॉजची घडी घट्ट चावून धरूनही रक्त थांबत नसेल तर लगेच फोन करा. पडल्याने मुलाचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका. जमत असेल तर जागेवर बसवा, नाहीतर दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत पोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, हेही तिथेच लिही. ऐनवेळी आईवडिलांना ते सुचत नाही.

आणि एक गोष्ट जी दुखत नाही म्हणून सगळे विसरतात : दोन आठवड्यांहून जास्त न भरलेली तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा. साथीच्या भीतीने लोक अशी जखम महिनोन्‌महिने अंगावर काढतात. ती कर्करोगाची सुरुवात असू शकते. तिच्यासाठी यायलाच हवं, हे प्रत्येक निरोपात पुन्हा लिही, कंटाळा न करता.

थांबू शकतं त्याचीही यादी दे, म्हणजे माणसं निर्धास्त होतात. दातांची सफाई थांबू शकते. टवका उडाला पण ठणका नाही, तर थांबू शकतं. निघालेली कॅप डबीत जपून ठेवावी, घरातल्या गोंदाने चिकटवू नये. दात सरळ करायला लावलेली तार गालाला टोचत असेल तर तिच्यावर मेण लावावं.

निरोप सर्वांना एकदम गेला, तरी काही जणांना तू स्वतः फोन करायचा आहेस. रूट कॅनॉल अर्ध्यावर असलेले, कारण तात्पुरतं फिलिंग काही आठवडेच टिकतं. टाके काढायचे राहिलेले. टाळू रुंद करण्याचं उपकरण घातलेली मुलं, ज्यांचे आईवडील घरी किल्ली फिरवत असतात : ती कधी थांबवायची हे तू सांगितलं नाहीस तर ते फिरवत राहतील. ही यादी साथ आल्यावर बनवायला बसलं तर बनत नाही. अपुऱ्या कामांची वही आजपासून ठेव.

फोनवर अँटिबायोटिक मागणारे खूप भेटतील. नसेच्या सुजेमुळे ठणकणाऱ्या दाताला अँटिबायोटिकचा उपयोग नाही, हे दर वेळी समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगायला गोळी लिहून देण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तो वेळ दे. वेदनाशामक सुचवण्याआधी मात्र मूत्रपिंड, आम्लपित्त, गर्भारपण, रक्त पातळ करणारी औषधं यांबद्दल विचारल्याशिवाय राहू नकोस.

बातम्यांकडेही लक्ष ठेवावं लागेल. मार्च २०२० च्या मध्यात फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी कोविडमध्ये आयब्युप्रोफेन टाळा असं म्हटलं आणि जगभर लोक घाबरले. काही दिवसांतच जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं की हाती असलेल्या माहितीवरून ते टाळा असा सल्ला ती देत नाही. मधल्या दिवसांत दाढदुखीवर तीच गोळी घेणाऱ्या माणसाने कोणाला विचारायचं होतं? तसंच ऑगस्टमध्ये झालं. ज्या भागांत समाजात संसर्ग पसरतो आहे तिथे तपासणी, सफाई अशी तातडीची नसलेली कामं पुढे ढकलावीत, असं संघटनेने सुचवलं. मथळे मात्र ‘दंतवैद्याकडे जाऊ नका’ असेच वाचायला मिळाले. अशी बातमी येईल त्याच संध्याकाळी तुझा निरोप जायला हवा : बातमी काय आहे, मूळ सल्ला काय आहे, आणि तुमच्या अपॉइंटमेंटवर त्याचा काय परिणाम होतो.

नियम बदलत राहतील. ब्रिटनमध्ये सुरुवातीला तुषार उडणाऱ्या उपचारानंतर खोली तासभर रिकामी ठेवायला सांगत. पुढे हवा किती खेळती आहे, सक्शन किती जोराचं आहे हे बघून तो वेळ कमी केला. असा बदल झाला की गुपचूप बदलू नकोस. काल आपण काय म्हणत होतो, आज काय म्हणतो आहोत आणि मध्ये काय नवं कळलं, हे दोन वाक्यांत लिही. प्रत्येक निरोपावर तारीख टाक, कारण जुने निरोप पुढे पाठवले जातात आणि महिन्याभराने कोणी तोच दाखवत दारात उभं राहतं.

‘आमच्याकडे १००% सुरक्षित’ असं कधीही लिहू नकोस. ते कोणालाच शक्य नव्हतं. काय करता आहात ते सांग : एन-९५ मास्क, रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा), जोराचं सक्शन, उघड्या खिडक्या, दोन पेशंटमध्ये राखलेलं अंतर. ज्यादा साहित्याचा खर्च बिलात घेणार असशील, तर तो फोनवरच सांगायचा, खुर्चीतून उठल्यावर नाही. दवाखान्यातलं कोणी आजारी पडलं तर त्या दिवसांत येऊन गेलेल्यांना त्याच दिवशी कळव. आजारी माणसाचं नाव त्यात येता कामा नये.

फोन उचलणाऱ्या व्यक्तीला विसरू नकोस. तिच्यासमोर तीच लक्षणांची यादी कागदावर असू दे, नाहीतर तू एक सांगशील आणि रिसेप्शनवरून दुसरंच जाईल. व्हॉट्सअ‍ॅप न वापरणारी म्हातारी माणसं कोण, याची खूण केसपेपरवर आत्ताच करून ठेव. त्यांना फोनच करावा लागतो, आणि सावकाश बोलावं लागतं. पेशंटने पाठवलेले तोंडाचे फोटो त्याच्याच फाइलमध्ये राहू देत, डॉक्टरांच्या ग्रुपवर नकोत.

पुन्हा उघडताना खुर्चीच्या पाण्याच्या नळ्या नीट वाहत्या करून घे, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. तेही केल्याचं पेशंटना सांग, त्यांना अशा गोष्टी कळायला आवडतात.

या आठवड्यात दोन कामं कर : सगळ्यांचे फोन नंबर तपासून घे आणि लक्षणांच्या निरोपाचा मसुदा लिहून मला पाठव. आधी तुझ्या घरातल्या कोणाला तरी वाचून दाखव, आपल्या पेशातल्या माणसाला नको. त्यांना कुठे अडलं ते समासात लिहून ठेव.

सस्नेह,
तुझी मॅडम